तळाची शितं

बुधवार आमच्या घरात कुणालाच आवडायचा नाही. शुक्रवारी मटणाची अकनी, म्हणजे आमचा पुलाव, असायची, रविवारी अब्बा स्वतः बंदरावर जाऊन पापलेट नाहीतर सुरमई आणायचे, आणि पावसात सुक्या मासळीचे डबे उघडले की साऱ्या आळीला आमचा बेत कळायचा. बुधवारी मात्र उकड्या तांदळाची पेज आणि मीठ. फारच लाड झाले तर भाजलेल्या सुकटीची एक चिमूट. लोणचं नाही, पापड नाही, नारळाची कातळीसुद्धा नाही, आणि नारळ तर परसात पायाला लागायचे. आता माझ्या केसांना मेंदी लावायची पाळी आली. लहानपणचं खाणं आठवायला बसले की वाटतं अकनी पहिली आठवेल, सांदणं आठवतील. पण नाही. डोळ्यांपुढे आधी येतो तो वाफाळणारा पेजेचा टोप आणि त्यात बुडालेला करवंटीचा डाव. चांगलं खाल्लेलं माणूस ढेकर देऊन विसरतं, हेच खरं असावं.

आमचं घर बुरोंडीला, वाडीच्या वरच्या अंगाला. खाली कोळीवाडा आणि समुद्र, वर कातळ, मध्ये जांभ्याच्या गडग्यांनी वेगळ्या केलेल्या आमच्या मुसलमानांच्या वाड्या. पहाटे अजान व्हायची, तिच्या मागोमाग होड्यांची इंजिनं सुरू व्हायची, आणि त्या दोन्हींच्या वर अम्मीचा आवाज असायचा. दापोलीहून येणारी पहिली एसटी वळणावर हॉर्न द्यायची तेव्हा अम्मी म्हणायची, "ती बघा, दापोलीवरून इथवर आली, नि माझी पोरं अजून गोधडीवरून उठली नायत." आम्ही तिघं. सगळ्यांत मोठी झरीनाआपा, मधली मी, आणि सगळ्यांच्या मांडीवर बसून वाढलेला सलीम. अम्मी बोलायची फार, आणि खरं बोलायची. तिच्या तोंडाला लागायला मासे विकणाऱ्या कोळणीसुद्धा घाबरत, आणि कोळणी कुणाला घाबरत नाहीत.

अब्बा मालवाहू जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजाचा स्वयंपाकी. आमच्या वाडीतले पुरुष एकतर जहाजावर नाहीतर आखातात, त्यामुळे बाप घरी नसणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. तो घरी असणं हीच बातमी. वर्षातून एकदा ते येत, सोबत खजूर, साबणाच्या वड्या आणि कॅसेटी आणत, घरभर अत्तराचा वास सोडत आणि परत जात. मग एका वर्षी त्यांच्या कमरेनं संप पुकारला आणि ते कायमचे घरी आले. चार खोकी घेऊन आले नि ओटीवर बसले. सुरुवातीला ते आम्हाला पाहुण्यासारखेच वाटत. अम्मी त्यांना ताट आणून देई, पाणी आणून देई, हात धुवायला तांब्याही नेऊन देई. ज्या माणसानं जन्मभर अख्ख्या जहाजाला वाढलं, त्यानं घरी तरी आयतं बसून खावं, असं तिचं म्हणणं होतं. यात चूक कुणालाच दिसली नाही, आणि आम्हाला तर ते छानच वाटायचं.

बुधवार सुरू झाला तो सलीमनं भात टाकला म्हणून. भात मऊ झाला होता, सलीमला मऊ भात चालायचा नाही, आणि त्यानं ताट सरळ कोंबड्यांपुढे उलटं केलं. अम्मीनं त्याला धपाटा घातला असता नि विषय संपला असता. पण अब्बा ओटीवरून उठून परसात आले आणि कोंबड्या तो भात टिपत होत्या तिथं कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी रात्री नेहमीचं जेवण झाल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बसवलं आणि एका बंदराची गोष्ट सांगितली. बंदराचं नाव त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. आपानं एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "नाव सांगितलं की तुम्ही म्हणणार, तिकडची माणसं तशी. माणसं कुठलीच तशी नसतात. भूक तशी असते."

त्या बंदरात त्यांचं जहाज गव्हाची पोती उतरवत होतं. पोती फाटत, दाणे धक्क्यावर सांडत, आणि सांडलेले दाणे गोळा करायला बायका हातात छोट्या केरसुण्या घेऊन टपून बसलेल्या असत. त्यातल्या एकीनं अब्बांच्या डोळ्यांदेखत क्रेनच्या सावलीत तीन दगड मांडले, दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात मूठभर दाणे शिजवले. तिची दोन पोरं समोर बसली होती. "तिनं दाणे पोरांना दिले," अब्बा म्हणाले, "आणि वरचं पाणी आपण प्यायली. प्यायली आणि पदरानं तोंड असं पुसलं, की बघणाऱ्याला वाटावं बाई आत्ता लग्नाचं जेवून उठली. आणि त्याच दुपारी मी भाताची अख्खी बादली समुद्रात ओतली. का? तर कप्तानाला भात मऊ वाटला." एवढं सांगून अब्बांनी गळ्यातल्या पंच्यानं डोळे पुसले. आपा रडली, आपा रडली म्हणून मी रडले, आणि सलीम कोंबड्यांकडे बघत बसला. अम्मी मात्र काही बोलली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अम्मी काही बोलली नाही असं आमच्या घरात फार क्वचित घडायचं.

पुढच्या बुधवारपासून पेज सुरू झाली. अब्बांचं म्हणणं सरळ होतं. जगात कितीतरी घरांत रोज जे असतं ते आपल्या घरात आठवड्यातून एक दिवस असू दे. यातून काही वाचवायचं नाही, कुणाला काही द्यायचं म्हणून हे करायचं नाही. द्यायचं ते अब्बा वेगळं देत, आणि त्याबद्दल बोलत नसत. बुधवार फक्त शिकण्यासाठी. मग पेज पिता पिता ते एकेका बंदराचं सांगत. कुठं मक्याचं पीठ नुसतं पाण्यात शिजवून खातात, कुठं माशाचं डोकं तीन दिवस उकळतात, कुठं शाळेतली पोरं दुपारची सुट्टी झाली की घरी जाण्याचं नाटक करून झाडाखाली बसून परत येतात. आफ्रिकेचा नकाशा मी शाळेत शिकण्याआधी पेजेच्या वाडग्यावर शिकले. भूगोलाच्या बाईंनी एकदा मला विचारलं, तुला ही सगळी बंदरं कशी ठाऊक? मी म्हटलं, बुधवारी असतात. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक.

आपा अभ्यासात हुशार आणि वादात त्याहून. तिनं एकदा अब्बांना पकडलं. "अब्बा, रमजानचे रोजे आपण धरतोच ना? मग भूक काय ती कळतेच. हे वर आणखी कशाला?" अब्बांनी थोडा विचार केला. म्हणाले, "रोजात पोटाला वेळ ठाऊक असते, बेटा. मगरीबची अजान होणार, खजूर समोर येणार, अम्मीनं भजी तळलेली असणार. त्या बाईच्या पोटाला अजान ठाऊक नव्हती."  मी आजवर भुकेबद्दल बरंच वाचलं, भाषणं ऐकली, पण या एका वाक्याच्या पुढे मला कुणी नेलं नाही. माझे वडील चौथी पास होते हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही, त्याचं कारण अशी वाक्यं.

नियम पाळण्यात ते भलतेच कडक. एका बुधवारी मामानं हर्णैहून तळहातापेक्षा मोठी दोन ताजी पापलेटं पाठवली. बर्फ कुठला, आणि आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. सलीम टोपाभोवती मांजरासारखा फिरत होता. अम्मी म्हणाली, "ओ, आजच्या दिवस सोडा. मासे काय गुरुवारची वाट बघत थांबणार हायत?" अब्बांनी दोन्ही पापलेटं शेजारच्या घरात देऊन टाकली आणि सलीमला मांडीवर घेऊन सांगितलं, "भूक दारात कोण आलंय ते बघून येत नाही. मग आपण पापलेट बघून पेज का सोडायची?" सलीम त्या रात्री शेजारच्या घराकडे तोंड करून झोपला. अम्मीनं डावानं टोप वाजवून म्हटलं, "साऱ्या जगाची भूक हसनमियांच्या चुलीवर आलीय. बाकी कुणाकडं चूलच नव्हती." ती असं दर बुधवारी काहीतरी बोलायची. पण पेज तीच रांधायची, तीच वाढायची. आम्हाला सगळ्यांना वाडगे भरून द्यायची, मग आपला घेऊन चुलीपाशी पाठमोरी बसायची, वाडगा तोंडाला लावायची आणि दोन घोटांत रिकामा करायची. आम्हाला वाटायचं, हिला हे सगळं एकदाचं संपवायची घाई आहे.

आता आपाच्या लग्नाचं सांगायला हवं. आपा डी.एड. होऊन गावच्या उर्दू शाळेत शिकवायला लागली होती. सकाळी ओढणी नीट करून, छत्री घेऊन ती निघाली की आळीतली पोरं "आपा, आपा" करत मागून धावायची. तिला पोरांना शिकवण्याची जी हौस होती तशी मी पुढे कुणात पाहिली नाही. तिला दोन स्थळं आली होती, दोन्ही चांगली, दोन्ही आखातातली, आणि दोन्ही नोकरीवर अडली. सून शाळेत जाणार म्हटल्यावर एकांनी चहा अर्धा टाकला, दुसऱ्यांनी चहा पूर्ण पिऊन नंतर नकार कळवला. आपा वरून हसायची. रात्री तिच्या उशीचं टोक ओलं असायचं हे मला माहीत होतं, कारण आम्ही एकाच गोधडीत झोपायचो. तिसरं स्थळ आलं ते चिपळूणच्या खाडीकडचं. मुलगा अल्ताफ स्वतः मास्तर. त्यानं निरोप धाडला होता की मुलीनं शिकवणं सोडायचं नाही. बस्स, आपाचा जीव तिथं गुंतला. तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात ती भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. हे स्थळ गेलं तर असं दुसरं येणार नाही, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं.

पाहुणे गुरुवारी येणार होते. पण दापोलीत त्यांच्या नात्यात लग्न निघालं, आणि एवढं जवळ आलोय तर आजच जाऊ, असं ठरवून ते बुधवारी सकाळी एसटीतून उतरले. अल्ताफची आई, त्याचा मामू, आणि त्याची दादी. दादी ठेंगणी, वाकलेली, जाड काचेचा चष्मा, आणि आवाज मात्र होडी हाकणाऱ्या तांडेलाचा. अम्मीनं पडद्याआड अब्बांना गाठलं. "आज बुधवार हाय म्हणून मी आधीच सांगतंय. पाहुण्यांपुढं पेज आली तर मी विहिरीत उडी घेईन." अब्बा म्हणाले, "वेडी काय? पाहुण्याला पाहुण्याचं जेवण. अकनी कर, कोंबडी कर, काय हवं ते कर." मग कोंबड्या पकडायची धावपळ झाली, शेजारची बाई मसाला वाटायला आली, घरात कांदा तळल्याचा वास सुटला. पेजेचा टोप सकाळीच चुलीवर चढला होता. तो उतरवून कोपऱ्यात झाकून ठेवला. सगळं नीट पार पडणार असं वाटत होतं.

आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसायचं, बायका आत, पुरुष बाहेर. थाळ्यात यजमानानं पहिला हात घालायचा, मगच पाहुण्यानं. यजमानाचा हात आला नाही तर त्याचा अर्थ एकच, त्याच्या मनात काहीतरी आहे. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मी मधल्या दाराच्या पडद्याशी उभी होते. मामूंनी बाही वर केली. अब्बांनी "बिस्मिल्ला" म्हटलं, हात पुढे केला, आणि तो थाळ्याच्या काठाशी थांबला. सलीम त्यांच्या मांडीला लागून बसला होता आणि त्यांच्या हाताकडे बघत होता. दोन पापलेटं शेजारी गेली त्या दिवशी जसा बघत होता, तस्सा. अब्बांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

मामू चमकले. त्यांनीही हात मागे घेतला. "काय भाईजान? काही चुकलं का आमचं?"

"नाही, नाही. तुम्ही सुरू करा. माझा आज पेजेचा दिवस असतो."

"पेजेचा दिवस? मन्नत आहे का काही?"

इथं अब्बांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मन्नत म्हटल्यावर मामूंनी मान लववली असती आणि अकनीवर ताव मारला असता. आतून अम्मी हळूच पुटपुटत होती, "हो म्हणा. हो म्हणा की ओ." पण अब्बांना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सलीम बघत होता. ते म्हणाले, "मन्नत नाही," आणि मग सगळं सांगत बसले. बंदर, ती बाई, डबा, बादली. मामूंचा चेहरा लांब होत गेला. शेवटी ते कोरडं हसले. "म्हणजे खायला असून घरात उपाशीपणाचं नाटक करता? पोरांना? आमच्याकडं असं काही चालायचं नाही हां, आधीच सांगून ठेवतो." आत अल्ताफच्या आईनं हातातला घास परत थाळ्यात ठेवला. आपा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.  मला आठवतं, तिनं तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तेवढ्यात दादी बोलली. "कुठाय ती पेज?"

अम्मी घाईघाईनं म्हणाली, "दादी, ती पोरांची हाय. तुमच्यासाठी अकनी वाढलीय ना."

"अकनी कुठं पळून जात नाय. पेज आण. आणि दर बुधवारी वाढतेस तशी वाढ, घरातल्या सगळ्यांना. मना बघायचंय."

अम्मीचा नाइलाज झाला. तिनं टोप पुढे ओढला, वाडगे मांडले आणि डाव घेतला. मी इतकी वर्षं ते वाढणं बघत आले होते आणि कधीच बघितलं नव्हतं. दादी मात्र पुढे वाकून अम्मीच्या हातावर डोळे लावून बसली होती. अब्बांचा वाडगा, आपाचा, माझा, सलीमचा, आणि सगळ्यांत शेवटी अम्मीचा. दादीनं हात लांब करून तो शेवटचा वाडगा उचलला, दाराच्या उजेडाकडे तिरपा धरला.

"ह्यात शितं कुठं हायत गो?"

"मना पातळ आवडते," अम्मी म्हणाली.

"कवापासून आवडते?"

 दादीनं बाहेर हाक मारली, "हसन, आत ये रे बाबा." अब्बा पडद्यापाशी आले. दादीनं तो वाडगा त्यांच्यापुढे धरला. नुसतं पांढरट पाणी, तळाला दोन-चार शितं. "माझी आई अशीच वाढायची," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "डाव तळातून वर आला की तो आमचा. वरच्यावर फिरला की तिचा. आम्ही पोरं डावावर नजर ठेवून बसायचो, तळातून कुणाला मिळतंय म्हणून. आमच्या घरात शिकायला पेज नव्हती, दुसरं काय नव्हतं म्हणून होती. तुझी पेज बरोबर हाय रे, मीठ पण बरोबर. पण भूक पेजेत नसते. भूक डावात असते. हिचा डाव कधी बघितलास?"

अब्बांनी वाकून वाडग्यात बघितलं. मग अम्मीकडे वळून विचारलं, "कधीपासून?"

आणि अम्मी, जी इतका वेळ पाहुण्यांपुढे शहाण्यासारखी बसली होती, तिला राहवलं नाही. "पहिल्या बुधवारपासून. तुम्ही त्या बाईची गोष्ट सांगितलीत. तुम्ही डोळे पुसलेत, पोरी रडल्या, आणि मग बुधवारी सगळ्यांनी शितं खाल्लीत. कुणीतरी त्या बाईच्या जागी बसायला नको? नायतर गोष्ट ती गोष्टच राहिली असती."

 अम्मीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट एक प्रकारची ऐट होती, की तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. आज वाटतं, अब्बांचे बुधवार आम्हाला शिकवून गेले ते खरं, पण त्यांचा पहिला आणि सगळ्यांत पक्का विद्यार्थी आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसला होता. अब्बांनी दादीच्या हातातून तो वाडगा घेतला, उभ्या उभ्या पिऊन टाकला, आणि आपला शितांनी भरलेला वाडगा अम्मीपुढे ठेवला. 

दादीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत लावला आणि आपाकडे वळली. "आता तू सांग. उद्या माझ्या घरात तू वाढणार. अशीच थोडी पेज असली, तर तुझा डाव कसा फिरेल?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. अम्मी डोळ्यांनी खुणावत होती. अल्ताफची आई वाट बघत होती. मीसुद्धा मनात म्हणत होते, सांग गं आपा, वरचं पाणी मी घेईन म्हणून सांग, लग्न ठरेल. आपानं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "दादी, मी आधी ढवळीन. चांगली तळापासून ढवळीन. मग वरचं नाय नि तळाचं नाय. सगळ्यांना सारखं."

"आणि कमी पडली तर?"

"तर सगळ्यांना सारखी कमी पडेल."

अम्मीनं कपाळाला हात लावला. अल्ताफच्या आईच्या भुवया वर गेल्या. दादी हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला आणि मीच तिला पाणी दिलं. हसणं थांबल्यावर तिनं डोळे टिपले. "माझ्या आईला हे कुणी सांगितलं असतं तर," एवढंच म्हणाली आणि ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून तांडेली आवाजात ओरडली, "जेव रे, अकनी थंड होतेय. पोरगी आपली झाली. आणि ती शाळेत जाणार, आधीच सांगून ठेवतंय." शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. आमच्या आपाची परीक्षा मात्र नसलेल्या शितांवरून झाली.

बाहेर अब्बा तो रिकामा वाडगा पेजेनं पुन्हा भरून घेऊन थाळ्याशी बसले. मामूंना काय करावं कळेना. मोठ्या बाईचा हुकूम झाला होता, पण यजमानाचा हात थाळ्यात नव्हता. शेवटी त्यांनी अब्बांच्या हातातला वाडगाच घेतला, एक घोट प्यायला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "भाईजान, मीठ कमी आहे." अब्बा म्हणाले, "ते कमीच असतं." दोघंही हसले, आणि मामूंनी थाळ्यात हात घातला. सलीमनं त्या दिवशी अकनी खाल्ली नाही. कुणी त्याला अडवलं नव्हतं. तो पेजेचा वाडगा घेऊन अब्बांना चिकटून बसला, आणि मामू पुढे आयुष्यभर त्याला "पेजवाला" म्हणत राहिले.

पुढच्या बुधवारी अम्मी डाव घ्यायला गेली तर डाव जाग्यावर नव्हता. अब्बा चुलीपाशी बसले होते, लुंगी वर खोचून, जहाजावर बसत असतील तसे. त्यांनी टोप तळापासून ढवळला, सावकाश, दोनदा, आणि पहिला वाडगा अम्मीच्या हातात दिला. अम्मी म्हणाली, "बायकोला आधी वाढणारा नवरा मी या वाडीत पहिल्यांदा बघतंय. कुणी बघितलं तर माझी अब्रू जाईल." पण ती त्या दिवशी आमच्याकडे तोंड करून बसली, आणि तिला पेज संपवायला आमच्याइतकाच वेळ लागला. ती किती हळू जेवते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नंतरची सगळी वर्षं, अब्बा गेले तोवर, बुधवारचा डाव त्यांच्याकडेच होता.

आपा आता तिच्या शाळेची मोठी बाई आहे, आणि दादीच्या त्या घरातही बुधवार पोचला. अम्मी माझ्याकडे दापोलीला असते. मोतीबिंदूनं तिला फारसं दिसत नाही, तोंड मात्र शाबूत आहे. माझ्या घरीही बुधवारी पेज असते. शहरातल्या मैत्रिणींना वाटतं मी वजन कमी करतेय. मागच्या बुधवारी माझा मुलगा वाढायला बसला होता. अम्मीचा वाडगा भरायची वेळ आली तेव्हा तिनं जुन्या सवयीनं वाडग्यावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "मना वरचं घाल रे. तळाचं तुमी घ्या."

"नानी," तो म्हणाला, "ढवळलंय. आता त्यात वरचं काही राहिलंच नाही."

अम्मीनं हात काढला. वाडगा भरल्यावर तिनं त्यात बोट घालून शितं चाचपली, हळूहळू, मोजल्यासारखी. मग "बिस्मिल्ला" म्हणून जेवायला सुरुवात केली.